घारापुरीला जाताना

ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभे राहून कोणालाही विचारा, "घारापुरी पाहिली का हो?" बरेच जण म्हणतील, "नाव ऐकलंय, पण जायचं राहूनच गेलं." परदेशचा पाहुणा हजारो मैलांवरून येतो आणि घारापुरी पाहून जातो. आपण गिरगावात राहून जात नाही. म्हणून या धड्यात घारापुरीची माहिती घेऊ.

घारापुरी म्हणजेच एलिफंटा. गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे १० किलोमीटरवर हे बेट आहे. चारी बाजूंना पाणी, मध्ये दोन टेकड्या. बेट मुंबईच्या समोर आहे, पण मुंबईत मोडत नाही. ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते.

जायचे कसे?

ठाकूरद्वारहून मरीन लाइन्स किंवा चर्नी रोड स्टेशन गाठा. गाडीने चर्चगेटला उतरा. तिथून गेटवेपर्यंत पायी जाता येते. गेटवेच्या धक्क्यावर लाँच मिळते. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा सोमवार टाळा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, हेही ध्यानात असू द्या.

लाँचला सुमारे एक तास लागतो. जाण्यायेण्याचे तिकीट एकच असते. जाताना दाखवले म्हणून फेकू नका. परत येताना तेच लागते. परतीची शेवटची लाँच किती वाजता सुटते, हे तिकीट घेतानाच विचारून घ्या. पाहुण्यांना बेटावर रात्री राहता येत नाही. लाँच चुकली तर मोठी पंचाईत होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या एका लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली. लाँच बुडाली. बारांहून अधिक माणसे प्राणाला मुकली. त्यात बायका होत्या, लहान मुलेही होती. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींत प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे, असा हुकूम निघाला. "उकडतं हो," "तासाभराचा तर प्रवास," असे म्हणून ते काढून ठेवू नका. लाँचमध्ये पाय ठेवलात की पाटी वाचा. किती माणसे घेण्याची परवानगी आहे ते पाहा. मुलांच्या मापाचे जॅकेट मागून घ्या. लाज धरू नका. आता आपल्याला वाचता येते; त्याचा उपयोग अशा वेळी करायचा.

लेणी

धक्क्यावर उतरल्यावर लांबच लांब वाट आहे. तिच्यावर छोटी आगगाडीही चालते. पुढे शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. म्हाताऱ्या माणसांसाठी डोली मिळते. भाडे आधी ठरवा, मगच बसा.

वर गेल्यावर थकवा पळून जातो. सुमारे चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी कारागिरांनी आख्खा डोंगर आतून कोरला. दगड बाहेरून आणून रचलेला नाही. खांब, छत, मूर्ती सारे एकाच कातळातले. समोरच शंकराची तीन मुखांची प्रचंड मूर्ती आहे. एकावर एक तीन माणसे उभी करावीत, एवढी तिची उंची. एक मुख उग्र, एक कोमल आणि मधले शांत. शिवपार्वतीचे लग्न, अर्धनारीनटेश्वर, कैलास हलवणारा रावण, हेही तिथे कोरलेले आहे. पुष्कळ मूर्तींचे हातपाय मोडले आहेत. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला.

एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी दिले. बेटावर दगडाचा मोठा हत्ती होता, त्यावरून. तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो फुटला. पुढे तुकडे जोडून तो उभा केला. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे.

बेटावरची माणसे

लेणी पाहून लोक परततात. पण या बेटावर गावही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. मासेमारी, थोडी शेती आणि पायऱ्यांवरची दुकाने यांवर त्यांचे पोट चालते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. पण घारापुरीच्या घरांत कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये! समुद्राच्या तळातून सुमारे ७.५ किलोमीटर केबल टाकली, तेव्हा कुठे दिवे लागले. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, मग अंधार. समोर मुंबई रात्रभर लखलखत असे आणि इकडे पोरे कंदिलाशी बसत.

वीज आली, तरी सगळी सोय झाली असे नाही. पावसाचे पाणी साठवून वापरावे लागते. उन्हाळ्यात त्याची ओढ असते. मोठा दवाखाना नाही. माणूस फार आजारी पडला की त्याला होडीत घालून पलीकडे न्यावे लागते.

म्हणून पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे. प्यायचे पाणी घरून न्यावे. भाकरी-चपाती झाकून न्यावी, माकडे हातातून ओढतात. रोजची औषधे बरोबर ठेवावीत. आपण टाकलेली प्लास्टिकची बाटली आपोआप मुंबईला परत येत नाही. ती बेटावरच साचते, नाहीतर समुद्रात जाते. तेव्हा आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणावा. आणि पायरीवर काकडी, कैरी विकणाऱ्या मावशीकडून चार पैशांचे काही घ्यावे. आपल्या जाण्याने त्यांच्या घरी चूल पेटावी, त्यांच्या दारात घाण पडू नये.

अभ्यास

१. लेणी कोणत्या वारी बंद असतात?
२. लाँचमध्ये चढल्यावर प्रथम काय वाचाल? काय घालाल?
३. घारापुरीला वीज कोणत्या साली आली? स्वातंत्र्यानंतर किती वर्षांनी?
४. घरच्या माणसांना घेऊन घारापुरीला जायचे आहे. बरोबर काय काय न्याल, त्याची यादी स्वतःच्या हाताने लिहा. ती घरी मोठ्याने वाचून दाखवा.