शाळेची सुरक्षितता : कॅमेऱ्यापलीकडची व्यवस्था

प्रश्न : शाळेत सीसीटीव्ही बसवले की मुले सुरक्षित झाली, असे मानावे काय? (एक पालक, उर्से, ता. मावळ)

उत्तर : बदलापूरच्या शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर झालेला अत्याचार ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आल्यावर शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी काढलेल्या शासन निर्णयाने महिन्याभरात कॅमेरे बसवण्याची सक्ती केली, त्याचबरोबर चित्रीकरण आठवड्यातून किमान तीनदा तपासण्याची जबाबदारीही मुख्याध्यापकांवर टाकली. कोणी न पाहिलेले चित्रीकरण पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल, पण त्याने मूल वाचत नाही. त्या प्रकरणात आरोप शाळेतीलच सफाई कर्मचाऱ्यावर होता, म्हणून कंत्राटी मदतनीस आणि वाहनचालक यांच्यासह सर्वांची चारित्र्य पडताळणी, म्हणजे पूर्वी गुन्हा नोंदलेला आहे काय याची पोलिसांमार्फत होणारी तपासणी, कुंपणभिंतीहूनही तातडीची आहे. 'सखी सावित्री समिती', म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेली समिती, खरोखर बैठका घेते काय, हे पालकांनी अवश्य विचारावे. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक असून, संस्थेची बदनामी टाळण्यासाठी ती दडवणे हाही गुन्हाच ठरतो.

उर्से हे द्रुतगती मार्गावरील पथकर नाक्याचे आणि कारखान्यांचे गाव असल्याने, शाळा सुटताना फाटकाशी जबाबदार व्यक्ती उभी असावी आणि लहान मूल नोंद असलेल्या पालकाच्याच हाती सोपवावे. बालकांसाठीचा मदत क्रमांक १०९८ प्रत्येक वर्गात ठळक लिहिलेला असावा.