दरडींचं गणित मांडताना

निपाणीचा माणूस ज्वालामुखीच्या अभ्यासात काय करतो, असं पाहुणेरावळे विचारतात. उत्तर पायाखालीच आहे. आपला काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आज देशात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. आपल्याकडचा लाव्हा कधीच थंडावला. पण त्या कातळाची झिजून झालेली माती दर पावसाळ्यात घाटात दरड होऊन खाली येते. उपग्रह आणि संगणकाच्या मदतीने तिचा माग काढताना जे शिकलो, ते असं.

१. तंत्र उसनं चालतं, पण आपल्या रानात ते तपासून घ्यावं. एटना ज्वालामुखी उद्रेकाच्या काळात खाली बसल्याचं १९९५ साली रडारच्या चित्रांवरून मोजलं गेलं. एकाच जागेची दोन तारखांची चित्रं जुळवली की जमीन किती सरकली ते कळतं, ढगांची आडकाठी होत नाही. चोर्ला घाटात मात्र पानं आडवी येतात. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारची लहर साधारण ५.६ सेंटिमीटरची, ती झाडांच्या शेंड्यांवरूनच परतते. निसार उपग्रहाची २४ सेंटिमीटरची लहर पानांतून बरीच खाली पोचते. निसार ३० जुलै २०२५ ला झेपावला. त्याच तारखेला, ३० जुलै २०१४ ला, माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं होतं.

२. दरडींचा अंदाज सांगणारं मॉडेल "९९ टक्के अचूक" आहे असं ऐकलं की कान टवकारावेत. घाटाच्या नकाशाचे चौकोन पाडले, तर दरड पडलेले चौकोन हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच निघतात. "कुठेच पडणार नाही" म्हणणारं मॉडेलही मग ९९ टक्के बरोबर ठरतं. मी दोनच गोष्टी विचारतो : पडलेल्यांपैकी किती पकडल्या? आणि "लांडगा आला" किती वेळा उगाच ओरडलात?

३. नोंद कोणी केली ते आधी बघावं. आंबोली, चोर्ला इथे रस्ता बंद पडला की जेसीबी येतो, पेपरात बातमी येते. आत जंगलात पडलेली दरड कुणाच्या वहीत जात नाही. अशा नोंदी शिकलेलं मॉडेल "दरडी रस्त्याकडेलाच पडतात" असा निष्कर्ष काढतं. रस्त्यासाठी डोंगर कापल्याने उतार कमकुवत होतो हे खरंच. पण त्यात खरं किती आणि नोंदीचा दोष किती, हे पावसाळ्याआधीची आणि नंतरची उपग्रहचित्रं शेजारी ठेवल्याशिवाय सुटत नाही.

४. तारखेवर विसंबू नये. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. मंगळवारी पहाटे दरड पडली, तर तिला पाडणारा पाऊस बहुतेक सोमवारचा. वहीत तो मंगळवारच्या तारखेला असतो. उलट मंगळवारी रात्री पडली, तर तिचा पाऊस बुधवारच्या रकान्यात सापडतो. तारखेला तारीख जोडली की गणित तिथेच फसतं. मी ताशी आकड्यांवर भर देतो.

५. ढगाला सीमा नाही, पर्जन्यमापकांना आहे. कर्नाटकात ते ग्रामपंचायतीगणिक, महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाची हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक. खानापूर आणि चंदगडचा पाऊस एकाच नकाशावर आणायचा, तर अंतरं, वेळा, गावांच्या नावांची स्पेलिंगं, सगळं आधी एका मापात आणावं लागतं. आमचं निम्मं संशोधन म्हणजे हीच हमाली, आणि तिला पर्याय नाही.

६. इशारा ही शेवटची पायरी नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूस्खलन अंदाज केंद्र जुलै २०२४ पासून कोलकात्यात आहे, "भूस्खलन" नावाचं ॲपही आहे. तरी उतारावर पडलेली नवी भेग, कललेलं झाड किंवा एकाएकी गढूळ झालेला झरा गावकऱ्यालाच आधी दिसतो. असं काही दिसलं तर ॲपची वाट न बघता घर सोडावं, मग पंचायतीला कळवावं.

बेळगाव-निपाणीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना एवढंच सांगणं : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एकच घाट घ्या आणि त्यातल्या जुन्या दरडींची जागा, तारीख, वेळ गोळा करा. मॉडेल कुणीही चालवेल; ही यादी मात्र इथल्याच माणसाला करता येईल.