जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना

प्रत्येक मताचे मूल्य समान असावे, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह होता. वस्त्या वाढतात, माणसे स्थलांतर करतात. म्हणून जनगणनेच्या आधारे पुनर्रचना आयोग मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतो. २००१ च्या जनगणनेवरील आखणी २००८ साली अमलात आली. राज्याच्या २८८ जागा कायम राहिल्या. मात्र मुळशी हा स्वतंत्र मतदारसंघ संपून आपला तालुका भोर मतदारसंघात गेला. अनुसूचित जातींच्या २९ राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणातच ठरल्या.

१९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींत कायद्याने स्थान आहे. जातिअंत हे आमचे ध्येय आहेच. तथापि धर्म बौद्ध नोंदवून जातीचा रकाना रिकामा ठेवला, तर ती व्यक्ती अनुसूचित जातींत मोजली जात नाही. म्हणून येत्या जनगणनेत आपण दोन्ही नोंदी डोळ्यांत तेल घालून तपासू या.