शाळेची परसबाग: आधी सुट्ट्या पाहा, मग पेरा

हस्ताचा पाऊस ओसरला की शिरूर-दौंड पट्ट्यात रब्बीची धांदल सुरू होते. ज्वारीची पेरणी, कांद्याची रोपे, पूर्वहंगामी उसाच्या लागणी ही सगळी कामे एकाच वेळी अंगावर येतात. तळेगाव ढमढेरे परिसरातल्या शाळांमध्येही याच दिवसांत परसबागेची कुदळ पडते. मुलांचा उत्साह दांडगा असतो, पालकांकडून बियाणे आणि शेणखत मिळते आणि आठवड्याभरात वाफे हिरवे दिसू लागतात. मग दिवाळीची सुट्टी लागते. साधारण दोन आठवड्यांनी शाळा उघडते तेव्हा कोवळी रोपे ऑक्टोबरच्या उन्हाने वाळलेली असतात, उरलेली शेळ्यांनी खाल्लेली असतात.

शेतकरी नक्षत्र आणि वाफसा पाहून पेरतो. शाळेच्या बागेसाठी त्यात सुट्ट्यांचे वेळापत्रकही धरावे लागते. पुढचा सल्ला त्या हिशोबाने दिला आहे. तो शिक्षकांसाठी आहे, तसाच शाळा व्यवस्थापन समितीतल्या शेतकरी पालकांसाठीही आहे.

पेरणी केव्हा करावी?

घटस्थापना ते लक्ष्मीपूजन हा काळ जवळपास एक महिन्याचा असतो. मेथीही तीस ते पस्तीस दिवसांत काढणीला येते. हा मेळ कामाचा आहे, पण दिवाळी लवकर आहे की उशिरा, ते पाहूनच तो साधावा.

घटस्थापना ऑक्टोबरमध्ये येत असेल तर त्याच दिवशी मेथी पेरावी. सुट्टी लागण्याच्या दिवशी ती काढून खिचडीत घालता येते किंवा मुलांना घरी देता येते. वाफा रिकामा होतो आणि सुट्टीत जपण्यासारखे त्यात काही उरत नाही.

घटस्थापना सप्टेंबरात येत असेल तर घाई करू नये. हस्ताच्या सरींनी वाफ्यात पाणी साचते आणि कोवळी रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. अशा वर्षी सुट्टीपूर्वी फक्त वाफे करून शेणखत मिसळून ठेवावे, बियाण्याची उगवण तपासावी आणि शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात पेरणी करावी.

वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे शाळेत करू नयेत. कांद्याची रोपवाटिका टाकणाऱ्या एखाद्या पालकाच्या शेतात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक छोटा गादीवाफा टाकून घ्यावा. चार-पाच आठवड्यांची रोपे दिवाळीनंतर तयार मिळतात. डिसेंबरात त्याच पालकाकडे कांद्याची रोपे उरतात. तीही एका वाफ्यात लावली तर दोन महिन्यांत पातीचा कांदा मिळतो.

जागा आणि जमीन

वेळ नदीकाठची आणि भीमेकडची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी आहे. शाळा मात्र बहुधा गावठाणाच्या कडेला किंवा माळावर असते आणि तिथे मुरूम, विटांचे तुकडे आणि बांधकामाचा चुना निघतो. अशा जागी खोल खणत बसू नये. वरचा राडारोडा वेचावा, नदीकाठची किंवा बांधाकडची पोयट्याची माती आणि शेणखत मिसळून वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत. काळ्या जमिनीतही गादीवाफाच बरा. अवकाळी पाऊस आला तरी मुळांशी पाणी थांबत नाही.

दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या कालव्यावर आणि भीमेकाठी काही ठिकाणी जमीन चोपण झालेली आहे. माती वाळल्यावर पांढरा थर दिसत असेल तर घेवडा लावू नये, तो क्षाराला फार नाजूक असतो. तिथे बीट आणि पालक त्यातल्या त्यात तग धरतात. कूपनलिकेचे पाणी मचूळ असेल तर हाच नियम पाळावा.

दिवसातून निदान सहा तास ऊन, पाण्याची सोय आणि जनावरांपासून आडोसा, या तीन गोष्टी पाहून जागा निवडावी. लिंबाच्या मोठ्या झाडाखाली बाग करू नये. सावली आणि मुळे दोन्ही आड येतात.

वाफ्याचे गणित

वाफा १५ फूट लांब आणि ३ फूट रुंद असावा. मूल कोणत्याही बाजूने बसले तरी मध्यापर्यंत हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी अडीच फूट पुरे. मध्ये दीड फुटाची वाट ठेवली तर अर्ध्या गुंठ्यात असे आठ वाफे बसतात. प्रत्येक वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत ८ ते १० किलो, म्हणजे साधारण एक घमेले, मिसळावे. ताजे शेण टाकू नये, त्याने हुमणी आणि तण दोन्ही वाढतात.

आता उत्पादनाचा अंदाज पाहू. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. पाचवीपर्यंतच्या ६० मुलांच्या शाळेला रोज ३ किलो भाजी लागते. एका वाफ्यातून मुळासकट सुमारे ३ किलो मेथी निघते, पण निवडल्यावर निम्मीच हाती येते. म्हणजे एका जेवणाच्या मेथीला दोन वाफे लागतात. रोजची भाजी बागेतून निघेल असे कोणी मुलांना सांगू नये. आठवड्यातून एक दिवस शाळेची भाजी, एवढे उद्दिष्ट ठेवले तर ते पुरे होते आणि मुलांनाही दिसते. त्यासाठी सगळे वाफे एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरावेत.

आठ वाफ्यांत काय लावावे?

मेथी (दोन वाफे): ओळींत २० सेंमी अंतर, एका वाफ्याला सुमारे १५ ग्रॅम बी. 'फुले कस्तुरी' किंवा खात्रीची गावठी मेथी चालते. घटस्थापनेची मेथी निघाली की त्याच वाफ्यांत दिवाळीनंतर गाजर आणि बीट घ्यावे.

कोथिंबीर (एक वाफा): धने पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवून सावलीत सुकवावेत. ४० ते ४५ दिवसांत काढणी.

पालक (दोन वाफे): महिन्याभरात पहिली कापणी, पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी. जमिनीपासून दोन बोटे सोडून कापावा. शाळेसाठी हीच सर्वांत भरवशाची भाजी, कारण एकदा पेरून तीन-चार वेळा मिळते.

मुळा आणि पातीचा कांदा (एक वाफा): निम्म्या वाफ्यात मुळा पेरावा, तो ४५ दिवसांत निघतो. दाट उगवलेली रोपे उपटून विरळणी करावी आणि त्यांचा पालाही भाजीत घालावा. उरलेल्या निम्म्या वाफ्यात डिसेंबरात कांद्याची रोपे लावावीत.

वांगी, टोमॅटो, मिरची (एक वाफा): एका ओळीत दोन फुटांवर सात-आठ रोपे. वांग्यात पुणेकरांच्या ओळखीचा 'मांजरी गोटा' आहेच. टोमॅटोला काठीचा आधार द्यावा.

घेवडा किंवा वाटाणा (एक वाफा): थंडी स्थिरावल्यावर, नोव्हेंबरात. जमीन चोपण असेल तर इथेही बीट घ्यावे.

कुंपणाला वाल चढवावा, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता लावावा, वाटांच्या कडेला झेंडू लावावा. मुलांची ताटे धुतलेले पाणी शेवगा, केळी आणि अळूला द्यावे. ते पालेभाजीवर कधीही घालू नये.

मुलांची कामे, मोठ्यांची कामे

शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हा त्याचा पाया. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य यांच्या बरोबरीने शेती-पशुपालन हा विभाग आहे आणि आठवड्यातला एक दिवस कामासाठी राखलेला असतो. परसबागेने त्यातून एवढे घ्यावे की बागेच्या कामाला वेळापत्रकात ठरलेली तासिका हवी. उरल्यासुरल्या वेळेत केलेली बाग महिन्याभरात मागे पडते.

उगवण तपासणी हे मुलांचे पहिले काम. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर १०० दाणे ओळीने मांडून गुंडाळावेत, ओल टिकवावी आणि मेथी असेल तर पाच-सहा दिवसांनी मोड मोजावेत. ऐंशीच्या वर मोड आले तर बी चांगले, साठच्या खाली आले तर बदलावे. घटातले धान्य नऊ दिवस रोज पाहणाऱ्या मुलांना यात नवे काही शिकवावे लागत नाही. शेकडेवारीचा धडा मात्र इथेच होऊन जातो.

तिसरी-चौथीची मुले वाफे मोजतील, पेरतील, झारीने पाणी देतील. पाचवी ते सातवीची मुले खुरपणी, विरळणी आणि नोंदवही पाहतील. पेरणीची तारीख, उगवण आणि काढणीचे वजन नोंदवहीत लिहिलेले असावे. कुदळ, फावडे आणि खड्डे खणणे मोठ्यांकडे ठेवावे.

बाजारातले काही बियाणे बुरशीनाशक लावलेले, लाल किंवा हिरव्या रंगाचे असते. ते मुलांच्या हाती देऊ नये. शाळेसाठी प्रक्रिया न केलेले बी घ्यावे आणि पेरणीपूर्वी त्याला चिमूटभर ट्रायकोडर्मा चोळावा.

शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि उसात बिबट्याचा वावर असतो. शाळेला लागून ऊस असेल तर मुलांनी बागेची कामे भर उजेडात, गटाने आणि शिक्षकांसमोरच करावीत. पहाटेचे किंवा तिन्हीसांजेचे पाणी देणे मुलांवर सोपवू नये. कुंपणाकडेचे गवत कापलेले असावे, म्हणजे सापाचीही धास्ती कमी राहते.

पाणी आणि सुट्टीतली व्यवस्था

पीक वाढीला लागल्यावर एका वाफ्याला दिवसाला १५ ते २० लीटर, म्हणजे साधारण दोन बादल्या, पाणी पुरते. काळ्या जमिनीत ते एक दिवसाआड दुप्पट द्यावे. थंडी वाढली की कमी करावे. कालव्याच्या आवर्तनावर विसंबू नये, शाळेची टाकी आणि झारी हाच आधार.

उसाचे गाळप सुरू झाले की पाचट भरपूर मिळते. ते पेटवण्याऐवजी बारीक करून ओळींमध्ये तीन-चार बोटे जाडीचे पसरावे. ओल टिकते, तण दबते. गाळप सुरू होण्याआधी सोयाबीनचे भुसकट वापरावे.

सुट्टीत बागेत काही उभे असेल तर शाळेजवळ राहणाऱ्या चार-पाच कुटुंबांत दिवस वाटून द्यावेत आणि ती यादी सुट्टीपूर्वी फळ्यावर लिहावी. 'सगळे मिळून बघू' असे ठरले की कोणीच बघत नाही.

कीड आणि काढणी

शाळेच्या बागेत रासायनिक फवारणी करू नये, कारण भाजी मुलांच्याच ताटात जाते. मावा आणि पांढरी माशी दिसताच पिवळे चिकट सापळे लावावेत. ५ टक्के निंबोळी अर्कासाठी अर्धा किलो निंबोळी पावडर एक-दोन लीटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळावी, २० ग्रॅम साबणाचा चुरा घालून एकूण १० लीटर द्रावण करावे आणि मोठ्या माणसाने संध्याकाळी फवारावे. अळ्या हाताने वेचाव्यात, कुजलेली रोपे उपटून बागेबाहेर टाकावीत.

पालेभाजी सकाळी काढून, तीन पाण्यांनी धुऊन स्वयंपाकघरात द्यावी. ज्या वर्गाने पिकवली त्याचे नाव आणि वजन त्या दिवशी परिपाठात सांगावे.

फेब्रुवारीत मेथी आणि कोथिंबिरीची एक-एक ओळ न काढता बियाण्यासाठी सोडावी. मार्चअखेर दाणे भरतात. वाळवून, बरणीत भरून, वर पिकाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे. वार्षिक परीक्षेपूर्वी बाग रिकामी करून वाफ्यांवर पाचट पसरावे, कारण उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत कोणतेही पीक धरून ठेवणे शाळेला परवडत नाही. बरणी आणि नोंदवही पुढच्या वर्गाच्या ताब्यात द्यावी. पुढच्या घटस्थापनेला किती बी लागेल आणि कोणता वाफा फसला होता, हे त्यांना तिथेच वाचायला मिळेल.