कॉक्लिअर इम्प्लांट: यंत्राची मदत किती?

प्रश्न: श्रवणयंत्राचा उपयोग होईनासा झाल्याने वडिलांना कॉक्लिअर इम्प्लांट सुचवले आहे. खालच्या पट्टीतले आवाज त्यांना अजून ऐकू येतात. ही शस्त्रक्रिया रोबो करतो का? ती सोय नसलेल्या रुग्णालयात उरलेली श्रवणशक्तीही जाईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: शस्त्रक्रिया शल्यचिकित्सकच करतो. कानामागील हाड कोरून वाट तयार झाल्यावर कॉक्लियात, म्हणजे अंतःकर्णातील गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, इलेक्ट्रोडची लवचिक तार सरकवताना यंत्राचे साहाय्य घेतात. कारण सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका संथ, एकसारखा वेग हाताने राखणे फार अवघड असते. अमेरिकेत अशा एका उपकरणाला २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

आपल्या वडिलांच्या बाबतीत शस्त्रक्रिया चालू असतानाचे निरीक्षण अधिक महत्त्वाचे ठरू शकते. इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी या पद्धतीत कानात ध्वनी सोडून, ध्वनी टिपणाऱ्या शिल्लक केशपेशींचा विद्युत प्रतिसाद तार आत जात असतानाच पडद्यावर पाहतात. तो एकाएकी घटल्यास शल्यचिकित्सक थांबतो किंवा तार किंचित मागे घेतो. अर्थात, प्रत्येक घट इजेचीच खूण नसते.

या सोयी नसल्या तरी अनुभवी हातांनी श्रवणशक्ती टिकू शकते आणि असल्या तरी तिची हमी देता येत नाही. म्हणून श्रवणशक्ती जपण्याचा डॉक्टरांचा अनुभव, निरीक्षणाची सोय आणि नंतरच्या श्रवण-पुनर्वसनाची व्यवस्था यांची चौकशी आधी करावी. मेंदूज्वर टाळण्यासाठी न्यूमोकोकल लस शस्त्रक्रियेपूर्वी घेणे मात्र चुकवू नये.