रोहरीचा चर्ट ओळखावा कसा?

सिंधू संस्कृतीचा विषय निघाला की विटा, मुद्रा आणि स्नानगृह यांचीच चर्चा होते. दगडी पात्यांकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक तांबे-कासे वापरणारे हे लोक कापण्या-खरवडण्याचे पुष्कळसे काम दगडाच्या लांब पात्यांनीच करीत, आणि त्यांचा उत्तम दगड सिंधमधील सक्कर-रोहरीच्या टेकड्यांतून येई. त्या दगडाची ओळख आपल्या विद्यार्थिबंधूंना व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

चर्ट म्हणजे अतिसूक्ष्म कणांची सिलिका. आपल्या गारगोटीचाच भाऊबंद. साध्या चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, उलट त्याने काचेवर उठतो. सौम्य आम्लाने चुनखडी फसफसते, हा थंडच राहतो. फोडला की शिंपल्यासारखा वाटोळा भंग पडतो व वस्तऱ्यासारखी धार निघते. परंतु या खुणा अकीक, जास्पर, कॅल्सेडनी यांनाही लागू पडतात! मग फरक कोणता?

खरा फरक जन्मस्थानाचा. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिका साचून कॅल्सेडनी व अकीक तयार झाले. त्यांची पातळ कड उजेडासमोर धरली तर प्रकाश झिरपतो. आणि गोटे लहान, म्हणून पातीही आखूड. इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खननात निघालेली ताम्रपाषाणयुगीन पाती मुख्यतः कॅल्सेडनीचीच. रोहरीचा चर्ट मात्र चुनखडीच्या थरांत घडला. गोटे मोठे, अंग जवळजवळ अपारदर्शक, रंग पिंगट-करडा, बाहेरची साल पांढुरकी, खडूसारखी. पात्यावर या सालीचा तुकडा राहिला असेल तर तो सोन्यासारखा जपावा. उत्साही मंडळी मळ समजून तो घासून काढतात, याला काय म्हणावे!

नुसत्या रंगावर माझा भरवसा नाही. मातीत पडून दगडावर पुट चढते, भाजल्याने रंग पालटतो; शिवाय चुनखडी काही एकट्या सिंधमध्येच नाही. गुजरातेतील लोथलचे एखादे पाते ‘रोहरीचे’ म्हणताना आपण शेकडो किलोमीटरच्या व्यापाराचे विधान करीत असतो. तेव्हा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि त्यातील अल्पांश मूलद्रव्ये टेकडीवरच्या नमुन्यांशी ताडणे आवश्यकच. शिवाय त्याच दगडाचे गाभे व ढलप्यांचा कचरा त्या स्थळी आहे का, हेही पाहावे. रोहरीच्या टेकड्यांवर अशा कचऱ्याचे सडेच्या सडे पडले आहेत. स्थळावर तो नसेल, तर पाती बहुधा तयार होऊनच तेथे आली.