विहीर कुठं पळते?

प्रश्न : मी आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. धड्यात ‘द वेल हॅज रन ड्राय’ असं वाक्य आलं आणि एका मुलानं विचारलं, ‘बाई, विहीर कुठं पळते?’ वर्ग हसला, पण त्याचं समाधान होईल असं उत्तर मला देता आलं नाही. ‘रन’ या एका शब्दाला सहाशेच्या वर अर्थ आहेत असंही मध्यंतरी वाचलं. हे खरं आहे का? एकाच शब्दाच्या गळ्यात इतके अर्थ पडतात कसे? आणि आपल्या मराठीत याच्या तोडीचा शब्द आहे का?
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : आधी त्या मुलाचं कौतुक करा. कोशकारांनी वर्षानुवर्षं ज्या गोष्टीवर डोकं खपवलं, तिथंच त्यानं नेमकं बोट ठेवलं आहे.

आकडा खरा आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ दिले आहेत, आणि नाम म्हणून येणारा ‘रन’ यात धरलेला नाही. ही नोंद पीटर गिलिव्हर या संपादकानं नव्यानं लिहिली आणि या एका शब्दासाठी त्याचे नऊ महिने गेले. २०११ साली ती प्रसिद्ध झाली. त्याआधी वर्षानुवर्षं हा मान ‘सेट’कडे होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’चे ४३० अर्थ होते आणि ती नोंद सुमारे साठ हजार शब्दांची, म्हणजे एखाद्या बेताच्या कादंबरीएवढी होती. तिसऱ्या आवृत्तीचं काम ‘एम’ अक्षरापासून सुरू झालं, त्यामुळे २००० मध्ये ‘मेक’ पुढं गेला, २००७ मध्ये ‘पुट’ आणि मग ‘रन’. कोणत्या शब्दाचा नंबर आधी लागला यावरही पहिला क्रमांक थोडाफार ठरतो, हे लक्षात असू द्या.

मात्र ६४५ म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. शब्दाच्या पोटात अर्थ बियांसारखे मोजून ठेवलेले नसतात. ते मोजतो कोशकार, आणि त्याची रीत पाहिली की आकड्याचा धाक कमी होतो. जेम्स मरे १८७९ मध्ये या कोशाचे संपादक झाले. ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवरच्या घराच्या बागेत त्यांनी पत्र्याची एक शेड उभारली होती. जगभरातले स्वयंसेवक पुस्तकं वाचून एकेक वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवत. चिठ्ठीवर शब्द, वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल. त्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या खणांत लागत आणि एका शब्दाचा खण भरला की संपादक त्या टेबलावर पसरून ढीग लावायला बसे. घोडा धावतो, माणूस धावतो : एक ढीग. गलबत वाऱ्यावर सुटतं : हा त्याच ढिगात की वेगळा? रस्ता नदीकाठानं जातो. इथं तर काहीच हलत नाही, रस्ता जागच्या जागी आहे, तरी इंग्रजीत तो ‘रन’ करतो. झाला वेगळा ढीग. (आपलाही रस्ता ‘जातो’च की, आणि त्यात आपल्याला काही खटकत नाही.) भाडेकरार पाच वर्षं चालतो. हा ढीग काळाचा.

एक संपादक दोन ढीग एकत्र करील, दुसरा एका ढिगाचे चार करील. ऑक्सफर्डचा बाणा बारीक ढीग लावण्याचा आहे. शिवाय आज कुणाच्या तोंडी नसलेले अर्थही तो टाकून देत नाही आणि ‘रन इंटू’, ‘रन आऊट’, ‘रन डाऊन’ अशी सगळी पिलावळही सांभाळतो. विद्यार्थ्यांच्या कोशात याच शब्दाचं काम काही डझन अर्थांत भागतं. दोन्ही कोश खरेच बोलतात.

आता तुमच्या विहिरीकडे येऊ. मुलाला खटकलं ते पाय नसलेल्या वस्तूचं धावणं. पण ‘रन’ हा शब्द पायांपुरता कधी नव्हताच. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतही तो माणसाला आणि घोड्याला लागू होता, तसाच वाहत्या पाण्यालाही. आज जर्मनमध्ये या घराण्यातली दोन क्रियापदं वेगळी नांदताना दिसतात : ‘रेनेन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणं, झिरपणं. इंग्रजीत दोन जुनी क्रियापदं एकमेकांत मिसळली. एक ‘धावणे’चं, दुसरं ‘धाववणे, पळवणे’चं. त्यातल्या पहिल्याचं एक रूप ‘इर्नन’ होतं, म्हणजे आपल्याकडे ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं तसा त्यात ‘र’ जागा बदलून बसला होता. पुढं समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीनंही त्यात भर घातली. स्वतः धावणं आणि दुसऱ्याला धावायला लावणं, ही दोन्ही कामं एकाच रूपाकडे आली. म्हणून माणूस रन करतो आणि तोच माणूस दुकानही रन करतो.

पाणी ‘रन’ करतं म्हटलं की नळ, नाक, डोळे आणि धुताना कपड्याचा उतरणारा रंग ओघानं आलेच. विहिरीच्या झऱ्यातून पाणी येतं आणि उपसता उपसता एक दिवस ती कोरडी पडते. ‘रन ड्राय’मध्ये ‘रन’नं शेवटी ‘होणे’चं काम अंगावर घेतलं आहे. ‘रन शॉर्ट’, ‘रन लो’, ‘रन वाइल्ड’ ही त्याचीच भावंडं. मुलाला सांगा : विहीर पळत नाही, पाणी पळता पळता संपतं, आणि तो शेवट विहिरीच्या नावावर लागतो.

मग माणसाची हत्यारं बदलली. गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, वेळापत्रकं आली. यंत्र चालू राहण्यासाठी इंग्रजीनं नवा शब्द घडवला नाही, जुन्यालाच कामाला जुंपलं. यंत्र रन करतं, गाडी दर तासाला रन करते, छापखान्यात पुस्तकाचा रन निघतो. पुढं संगणक आल्यावर प्रोग्रॅमही रन होऊ लागला. आज तुमचा आठवीतला मुलगा मोबाईलवर ‘ॲप रन होत नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला पाय आठवत नाहीत.

इथं मला एक गंमत वाटते. इंग्रजीत जिथं धावणं आहे, तिथं आपल्याकडे चालणं आहे. घड्याळ चालतं, गिरणी चालते, सिनेमा चालतो, खटला चालतो, दुकान चालवतात, सरकार चालवतात. आणि कुणी काही सुचवलं तर आपण ‘चालेल’ म्हणून मोकळे होतो. फ्रेंचमध्येही घड्याळ चालतं, जर्मनमध्ये मात्र ते धावतं. निवडणुकीचं तर आणखी न्यारं. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो आणि आपल्याकडेही तो उभाच राहतो. प्रत्येक भाषेनं शरीराची एक हालचाल उचलली आणि तिच्या खांद्यावर जग ठेवलं. कोणती हालचाल उचलायची, त्याला नियम नाही. म्हणून ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच पाठ करून मूल पुढं जातं, ते पहिल्याच विहिरीपाशी अडतं.

क्रिकेटचा रन तर मुलांच्या रोजच्या तोंडातला. सुरुवातीला गुण मोजणारा माणूस काठीवर खाच पाडी, त्यामुळे धावांना ‘नॉच’ म्हणजे खाचा असंही म्हणत. दोघे फलंदाज धावून जागा बदलत, म्हणून तो रन. आज चेंडू टप्पा न पडता सीमेपार गेला की कुणी पाऊल न उचलता सहा रन मिळतात. धावणं गेलं, धाव राहिली. आणि ‘रनआऊट’ झालेला फलंदाज व ‘मिल्क हॅज रन आऊट’मधलं दूध यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा.

इतके अर्थ असूनही गोंधळ का होत नाही? कारण शब्द कधी एकटा येत नाही. समोर ‘फीव्हर’ आला की ताप, ‘शॉप’ आलं की दुकान, ‘बाथ’ आला की नळ सोडून टबात पाणी भरणं. जॉर्ज किंग्जली झिफ या अमेरिकी अभ्यासकानं १९४५ मध्ये दाखवून दिलं की जो शब्द जास्त वापरात, त्याचे अर्थ जास्त. अर्थांची ही गर्दी कुणी लादलेली नाही. रोज हाताला येणारा शब्दच माणूस नव्या कामाला लावतो. अवजड, पोथीतल्या शब्दांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

एक भेद तेवढा सांभाळा. उच्चार एक म्हणून शब्द एक ठरत नाही. ‘तो माळ’ म्हणजे माळरान आणि ‘ती माळ’ म्हणजे फुलांची, हे दोन निराळे शब्द आहेत. एका शब्दाचे ते दोन अर्थ नव्हेत, आणि कोशात त्यांना दोन नोंदी मिळतात.

आता मराठीचा शब्द. माझं मत निःसंकोच ‘लागणे’ला. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, आंब्याला मोहर लागतो, दूध पातेल्याला लागतं, पैसे लागतात, ती माझी मावशी लागते. फलाटावर एसटी लागते आणि घाटात एखाद्याला एसटी लागते. त्यातली पहिली पकडायची असते, दुसरीला लिंबू हुंगायचं असतं. विहिरीला पाणी लागलं तर पेढे वाटतात आणि पोराला शहराचं पाणी लागलं तर आई काळजीत पडते. ‘मूल बोलू लागलं’ म्हणजे आरंभ, ‘मला बोलावं लागलं’ म्हणजे नाइलाज. ‘लग्न लागलं’ म्हणताना तर एकच धातू दोनदा येतो, कारण ‘लग्न’ हाही संस्कृतातल्या ‘लग्’पासूनच निघाला आहे.

‘लागणे’चे एकूण अर्थ किती, हे मी आकड्यात सांगणार नाही. मोल्सवर्थनं १८३१ मध्ये आणि वाढवून १८५७ मध्ये दिलेला कोश, त्यानंतर दाते-कर्वे मंडळींनी १९३२ पासून सात खंडांत उभा केलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’, ही दोन्ही कामं डोंगराएवढी आहेत, आणि ‘लागणे’ची नोंद दोन्हीकडे बैठक मारून वाचावी. पण प्रत्येक अर्थाचं पहिलं वाक्य कोणत्या सालचं आणि त्यानंतर तो अर्थ कसा फाटे फुटत गेला, हे सालवार मांडणं वेगळं काम आहे. तसं काम पुण्यातच चालू आहे, पण ते संस्कृतसाठी. डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वावरच्या संस्कृत कोशाचा पाया घातला. चिठ्ठ्या लाखोंनी जमल्या आणि पहिल्या अक्षराच्याच शब्दांचे खंडामागून खंड निघाले. लीळाचरित्रापासून आजच्या एसटी फलाटापर्यंत मराठीच्या शब्दांचा असाच हिशेब मांडला जावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे सातशे वर्षांहून जुनं गद्य आहे, म्हणजे चिठ्ठ्यांना तोटा पडणार नाही.

तोवर वर्गात एवढं करून पाहा. ‘रन’ची यादी पाठ करायला देऊ नका. मुलांना घरून ‘लागणे’ची वाक्यं आणायला सांगा, पण स्वतः रचलेली चालणार नाहीत, कानावर पडलेलीच हवीत. एका चिठ्ठीवर एक वाक्य, खाली ते कोण बोललं आणि त्या माणसाचं गाव कोणतं. आजी-आजोबांची वाक्यं जास्त आली तर उत्तम. मग चिठ्ठ्या बाकांवर पसरा आणि मुलांनाच ढीग लावू द्या. दोन ढीग एक करायचे की नाहीत, यावर भांडणं होतील, ती होऊ द्या आणि प्रत्येकाला आपलं कारण सांगायला लावा. त्यानंतर दुसऱ्या दिवशी धड्यातलं विहिरीचं वाक्य फळ्यावर लिहा आणि ज्यानं प्रश्न विचारला होता, त्यालाच ते समजावून सांगू द्या.